रुंद होडी

माझ्या भाच्यानें गेल्या वर्षीं रत्नागिरीस घराच्या अंगणांत प्लायवुडची शिडाची होडी बांधावयास घेतली, तेव्हां मामा या नात्यानें मीं एकच अधिकार गाजविला. नकाशांत चार फूट असलेली रुंदी साडेचार फूट करावयास लावली. तीस वर्षें गणित शिकविलेल्या माणसाचें भयसुद्धां हिशेबी असतें! लांबी व वजन तेंच राहिलें, तर थोड्या कललेल्या होडीला पाणी ज्या जोरानें सरळ करूं पाहतें, तो बव्हंशीं रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे सहा इंचांत सुमारें ४२ टक्के लाभ.

"मामा, अशानें होडीचा पाट होईल," भाचा म्हणाला.

"तरंगणारा पाट बुडत्या होडीहून बरा."

माझा पक्ष अगदींच लंगडा नव्हता. १९४७ सालीं फ्लॉरिडांतील क्लिअरवॉटर येथें क्लार्क मिल्स यांनीं मुलांसाठीं 'ऑप्टिमिस्ट' ही होडी आंखली. घरच्या घरीं, प्लायवुडच्या दोन तक्त्यांतून होणारी. तिची लांबी पावणेआठ फूट, आणि रुंदी त्याच्या जवळजवळ निम्मी! तिच्यावर जगभर मुलें शीड हांकावयास शिकलीं.

भाट्ये खाडींत पहिला तास मी चौरंगावर बसल्यासारखा बसलों होतों. मग वाऱ्याचा एक झोत आला. अरुंद होडी अशा वेळीं वाऱ्यापुढें वांकते, शिडांतला वारा थोडा सांडून देते, आणि वांकतां वांकतां माणसाला सावध करते. आमची होडी ताठ उभी राहिली. एक कांठ पाण्याखालीं जातांच मात्र तिचा सारा ताठा एका क्षणांत ओसरला आणि ती पालथी झाली. पालथी झाल्यावर तितकीच स्थिर! माझे ४२ टक्के आतां उलट बाजूनें इमानानें राबत होते.

मी वर आलों. भाचा दिसेना. तो शिडाखालीं होता. मीं किती हांका मारल्या, आठवत नाहीं. पलीकडून त्याचें डोकें वर आलें, तेव्हां माझ्या तोंडांतून शब्द फुटेना. अंगांत तरंगतीं जाकिटें होतीं, हीच काय ती आमची शहाणीव.

उलांडी घेऊन एक कोळी मदतीस आला. त्याची होडी तर हातभर रुंद. पण आडव्या दांड्यांच्या टोंकाला बांधलेला ओंडका दूर पाण्यावर टेकलेला. रुंदी हवी तेथें, आणि तेवढीच! आमचें शीड गोळा करतां करतां तो म्हणाला, "मास्तर, होडी कलली कीं माणूस हलतो. ही कललीच नाय, मग तुमी हलणार कशाला?"

लहान होडींत खरें वजन आपलेंच असतें, हें गणित मीं मांडलेंच नव्हतें.

यंदाच्या नकाशांत रुंदी चार फूट दोन इंच आहे. ते दोन इंच कोणासाठीं, हें मीं विचारलें नाहीं. ताईला आम्हीं एवढेंच सांगितलें आहे कीं, त्या दिवशीं कपडे भिजले.