चप्पल चावत नाही तेव्हा

नवी चप्पल मराठीत चावते, आपल्या कन्नडात 'कच्चतैति' आणि उज्जैनच्या बाजारात जूता 'काटता है'. तिन्ही भाषांनी पादत्राणाला दात दिले आहेत. माझ्या मावशीला मात्र चप्पल चावतच नव्हती, आणि काळजीची गोष्ट नेमकी तीच होती.

मावशी लग्न होऊन उज्जैनला गेली त्याला चाळीस वर्षे झाली. ते गाव आपल्याला परके नाही. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी तिथेच होती आणि मराठी घरे आजही आहेत. गेल्या वर्षी तिने पंचक्रोशी यात्रेचा ध्यास घेतला. तिकडच्या पंचांगाने ही यात्रा वैशाख कृष्ण दशमी ते अमावास्या, म्हणजे आपल्या चैत्र वद्यात येते. ऐन उन्हात पाच दिवसांत ११८ किलोमीटर! पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून बळ उसने घेऊन लोक निघतात आणि परतल्यावर मातीचा घोडा वाहून ते फेडतात. कितीतरी जण अनवाणीच चालतात. मावशीने फोनवर फर्मावले, "येताना अथणीची चप्पल आण गं."

कोल्हापुरीचे कौतुक आपल्या भागात वेगळे सांगायला नको. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. म्हणजे ही चप्पल आपल्या घरांसारखीच दोन भाषांची! नवी असताना ती कडक असते. तेल पाजून, रोज थोडी थोडी वापरून तिला पायाच्या वळणावर आणावे लागते. मावशी पहिल्याच दिवशी तासभर गल्लीत फिरून आली आणि म्हणाली, "लोण्यासारखी मऊ आहे." चप्पल काढली तर अंगठ्याच्या बेचक्यात टपोरा फोड. तिला पत्ताच नव्हता.

मावशीचा मधुमेह चौदा वर्षांचा. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. दोन्ही तळव्यांवर कितीतरी जागी तिला स्पर्श कळलाच नाही. ते म्हणाले, "दुखणे हा पायाचा पहारेकरी. तुमचा पहारेकरी झोपला आहे." अंगठ्याची चप्पल बंद, अनवाणी चालणेही बंद.

हे ज्ञान आपल्याच देशात कष्टाने मिळाले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत दाखवून दिले, की हातापायांची बोटे आपोआप गळून पडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून जखमांवर जखमा होतात आणि त्या बोटे खातात. अशा पायांसाठी बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला झाल्या. तेच रबर आज मधुमेहींच्या चपलांतही घालतात.

डॉक्टरांनी एका वयस्कर कारागिराचे नाव दिले. त्याने संध्याकाळी बोलावले, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. मावशीला उभे करून दोन्ही पायांची रेघ कागदावर काढली. उभे राहिल्यावर पाय पसरतो आणि दोन पाय क्वचितच सारखे असतात. सर्वांत लांब बोटापुढे त्याने अर्धा इंच जागा सोडली. वर रुंद पट्टे, मागे टाचेला पट्टा, आत मऊ रबर. मी सवयीने तळ वाकवून पाहू लागले तर तो हसला. निरोगी पायाची चप्पल बोटे मुडपतात तिथे वाकावी. मध्येच घडी पडली तर आधार जातो. मावशीच्या सँडलचा तळ मात्र त्याने मुद्दाम ताठ ठेवला होता आणि पुढून होडीसारखा उचलला होता, म्हणजे पाऊल न वाकता पुढे कलंडते आणि बोटांमागच्या गादीवर भार कमी येतो.

सुरुवातीला रोज अर्धाच तास वापर. काढल्यावर लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर सँडल पुन्हा कारागिराकडे. दोन खेपा झाल्या. करंगळीपाशी पट्टा सैल करावा लागला.

घरात कुरबुर झालीच. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, देवाच्या वाटेवर पायताण?" मावशी म्हणाली, "भावजी, पाय राहिले तरच पुढच्या वर्षी येईन ना!"

डॉक्टरांच्या सल्ल्याने ती रोज पहाटे दोन-तीन किलोमीटरच चालली, बाकीची वाट गाडीने. देवळात सँडल काढावे लागत, तेव्हा जाड सुती मोजे पायात. उन्हाने तापलेली फरशीही तिला कळली नसती. प्रत्येक मुक्कामाला तिचे पाय मांडीवर घेऊन मी तळवे पाहत होते आणि सँडलमध्ये हात घालून खडा शोधत होते. पिंगळेश्वरला एक सापडलाही, हरभऱ्याएवढा. मावशी त्याच्यावर किती वेळ चालली होती, देव जाणे. अमावास्येला घोडा वाहिला तेव्हा दोन्ही पाय धड होते. अथणीची चप्पल आता तिची सून वापरते.

आपल्या घरांतही मधुमेह असलेले आजी-आजोबा आहेत. त्यांना "चप्पल चावते का?" एवढे विचारून भागत नाही. रात्री दिव्याखाली तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा, सकाळी चपलेत हात फिरवा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि नातवंडेसुद्धा ते करू शकतात.