दुधी काच

सप्टेंबर २०२०. रेडिओलॉजीच्या रेसिडेन्सीत रुजू होऊन मला जेमतेम सहा आठवडे झाले होते. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाचा एखादा लोब पांढराफटक भरलेला, एवढंच डोक्यात पक्कं होतं. तो जिवाणूंचा. समोर रांगेने येत होता तो कोरोना विषाणूचा, आणि तो मला दिसतच नव्हता.

चाळिशीतल्या एका पेशंटला तीन दिवस ताप, कोरडा खोकला, अंगदुखी होती, वासही गेलेला. त्यांचा छातीचा एक्स-रे मी बराच वेळ पाहिला आणि नॉर्मल म्हटलं. संध्याकाळी सीटी झाला, तर दोन्ही फुप्फुसांत, खाली आणि पाठीच्या बाजूला, बरगड्यांना लागून धूसर ठिपके. मी घाबरून आमच्या विभागातल्या सीनियर मॅडमकडे गेले. "एक्स-रेत सुरुवातीला बरेचदा काही दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "आता ह्या धूसर भागातून रक्तवाहिन्या दिसतायत का बघ."

दिसत होत्या. ग्राउंड ग्लास म्हणतात ते हेच. आजोळच्या न्हाणीघराला दुधी काच होती. पलीकडची पेरूची फांदी तिच्यातून ओळखू यायची, पण पुसट. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या थोड्या भरल्या, त्यांच्या भिंती सुजल्या, की सीटीत तसंच दिसतं. पिशव्या पूर्ण भरल्या की रक्तवाहिन्या बुडून जातात; ते कन्सॉलिडेशन. आणि दुधी काचेवर बारीक रेघांची जाळी उमटली, तर फरशीचे मोडके तुकडे जोडून केलेल्या अंगणासारखं दिसतं. त्याला क्रेझी पेव्हिंग म्हणतात. ही नावं दोन दिवसांत पाठ झाली. त्यांचा माणसाशी मेळ घालणं मात्र जमेना.

एक शेतकरी काका स्वतः चालत आले, चपला बाहेर नीट काढून टेबलावर आडवे झाले. "मला काही नाही मॅडम, पोरगा उगाच घेऊन आला." चित्र पडद्यावर उलगडत गेलं आणि माझे हात गार पडले. काळं फुप्फुस शोधावं लागत होतं. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ८१ दाखवत होता, आणि काका टेक्निशियनशी सोयाबीनबद्दल बोलत होते. मला वाटलं, मशीन चुकतंय. बोट बदललं. ८०.

मेडिसिनच्या सीनियरने कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या समजावलं. जीव घुसमटल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. या आजारात तो बरेचदा सहज बाहेर पडत राहतो, कमी पडतो तो ऑक्सिजन. म्हणून काहींना दम लागल्याचं कळतच नाही. काकांना लगेच ऑक्सिजनचा मास्क लावून पालथं झोपवलं.

दाराबाहेर त्यांचा मुलगा उभा होता. "स्कोअर किती आला?" त्या दिवसांत सगळे हेच विचारायचे. उजवीकडे तीन लोब, डावीकडे दोन, प्रत्येकाला व्याप्तीनुसार ० ते ५, एकूण २५. पण ही व्याप्ती नजरेने ठरवायची असते. एका पेशंटला मी ११ दिले, त्याच चित्राला मॅडमनी १४. आणि त्या आकड्यावर खाट मिळणार की नाही हे ठरेल, असं समजून नातेवाईक माझ्याकडे बघत होते. त्या नजरेचं ओझं मी घरी घेऊन जायचे.

त्याच महिन्यात सरकारने छातीच्या या सीटीचे, म्हणजे एचआरसीटीचे, दर मशीनप्रमाणे २००० ते ३००० रुपयांवर बांधून दिले. ते आवश्यकच होतं. पण ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलेला सीटी घेऊन लोक निश्चिंत व्हायचे, याचं मला वाईट वाटायचं. अनेकांची फुप्फुसं दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त भरलेली दिसत. दुसऱ्या दिवसाचं स्वच्छ चित्र पुढच्या आठवड्याची हमी देत नव्हतं. मॅडमनी मला सवय लावली: फिल्मला हात लावण्याआधी विचारायचं, लक्षणं सुरू होऊन आज कितवा दिवस? मग ऑक्सिजन सॅच्युरेशन, बसून आणि सहा मिनिटं चालून. चित्र त्यानंतर.

डिसेंबरात काका पुन्हा सीटीसाठी आले. जुनं आणि नवं चित्र शेजारी लावून मी त्यांना दाखवलं.

"हे काळं काय?"

"हवा आहे, काका."

"म्हणजे काळं चांगलं?"

"हो."

ते बराच वेळ पाहत राहिले. खाली पाठीकडे दोन-तीन पांढरे पट्टे उरले होते. त्यांवर बोट ठेवून ते माझ्याकडे वळले. मी आधी विचारलं, "जिना चढताना दम लागतो का?"

"दोन मजले चढूनच आलो की आत्ता. मध्ये एकदा थांबलो."