नाकावर लाल चेंडू

दोस्तांनो, विदूषक कुठे असतो? सर्कशीत! पण तोच हॉस्पिटलात शिरला तर? न्यूयॉर्कच्या ‘बिग ॲपल सर्कस’चे एक संस्थापक मायकेल ख्रिस्टेन्सन यांनी १९८६ साली अगदी हेच केलं. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, नाकावर लाल चेंडू! हे ‘डॉक्टर’ मुलांना लाल नाक बसवायचं ‘ऑपरेशन’ करत.

हसल्यानं आजार पळतो का? छे! औषध घ्यावंच लागतं. पण घाबरलं की आपण अंग आवळून धरतो, श्वास भरभर होतो आणि दुखणं जास्तच जाणवतं. लक्ष गमतीत गुंतलं, की तेच दुखणं कमी वाटतं. साबणाचे फुगे उडवायला देतात, त्यातही युक्ती आहे. मोठ्या फुग्यासाठी सावकाश, लांब फुंकर लागते. त्यानं छातीतली धडधड मंदावते, अंग सैल पडतं.

मला मात्र सगळ्यात आवडतं ते वेगळंच. हे विदूषक दाराशी थांबून विचारतात, “आत येऊ का?” सुई, कडू औषध, तपासणी, कशालाच आजारी मुलाला ‘नको’ म्हणता येत नाही. विदूषकाला म्हणता येतं! आणि तो खरंच निमूट परत जातो. अंथरुणावरच्या पोराचं एवढं कोण ऐकतं हो?

आईबाबा, पुढच्या वेळी सुई टोचताना “रडू नकोस” म्हणू नका. बोट पुढे करा आणि म्हणा, “ही मेणबत्ती विझव पाहू. हळूऽऽ!”