खांबांचा कल आणि एकविसावी तार

मावळातल्या बेडशाच्या लेण्यांमधल्या चैत्यगृहातले अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत. ते किंचित आत कललेले आहेत. भाज्याच्या लेण्यात हा कल लगेच डोळ्यांत भरतो, बेडशाला थोडं थांबून पाहावं लागतं. खरं तर दगडाला त्याची काही गरज नाही. डोंगर पोखरून काढलेल्या दालनाचं छत खांबांनी तोलून धरलेलं नसतं. हा कल लाकडाचा आहे. कमानदार छपराचा रेटा लाकडी खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते आत झुकवून रोवत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात पाथरवटांनी इथे छिन्नी लावली, तेव्हा कारण उरलं नव्हतं. आकार उरला होता.

मी पुण्यात चिपच्या पडताळणीचं काम करतो. चिप कारखान्यात जाण्याआधी तिच्या आराखड्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. सुटीच्या दिवशी सकाळची लोणावळा लोकल धरायची, कामशेतला उतरायचं आणि पवनानगरच्या रस्त्याने बेडसे गाठायचं, हा माझा जुना नेम. लेणी पूर्वाभिमुख आहेत, म्हणून सकाळीच जावं. सुमारे ४०० पायऱ्या चढून गेलं की समोर येतो न फोडता ठेवलेला प्रचंड कातळ. त्यातल्या अरुंद बोळातून आत शिरलं की अंगावर आल्यासारखे व्हरांड्याचे खांब दिसतात. शीर्षांवर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर बसलेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या. एका घोड्याच्या छातीवरचं कोवळं ऊन पाहत मी कितीतरी वेळ बसतो. कातळात छिन्नी जास्त खोल गेली, तर दगड परत जोडता येत नाही. आमचंही तसंच आहे. चिप छापायचे मास्क बनले की आराखडा दगडात कोरला गेला.

त्या कललेल्या खांबांपाशी मला नेहमी पीसीतली ए-२० ही तार आठवते. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरला पत्त्याच्या २० तारा होत्या, म्हणजे एक मेगाबाइटपर्यंतचे पत्ते. त्यापुढचा पत्ता दिला की तो वळसा घेऊन पुन्हा शून्यापाशी यायचा. काही प्रोग्राम या वळशावरच विसंबून लिहिले गेले. १९८४ मध्ये आयबीएमने पीसी-एटी काढला. त्यातल्या ८०२८६ ला २४ तारा होत्या, त्यामुळे वळसा गेला आणि ते जुने प्रोग्राम अडले. मग एकविसावी तार, म्हणजे शून्यापासून मोजता ए-२०, हवी तेव्हा दाबून ठेवणारं एक गेट बसवलं, आणि त्याची कळ दिली कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपच्या एका मोकळ्या पिनकडे! ही व्यवस्था पुढे कित्येक पिढ्यांच्या प्रोसेसरांनी वाहिली. जुनी मॅन्युअल न वाचणाऱ्याला तो निव्वळ वेडेपणा वाटेल.

आमच्या कामात असे कललेले खांब जागोजागी असतात. एकदा वारशाने आलेल्या कोडमध्ये रीसेटनंतर नुसता थांबणारा एक काउंटर सापडला. शेजारी एका शब्दाचीही टिप्पणी नव्हती. टीममधली एक नवी इंजिनिअर म्हणाली, "सर, हा काढून टाकू या का? काढला तरी सगळ्या टेस्ट पास होतायत." मी म्हटलं, "आधी तो कशासाठी आहे ते वाचू, मग ठरवू." आम्ही डीडीआर-३ मेमरीचा मानक दस्तऐवज उघडला. रीसेट सोडल्यावर ५०० मायक्रोसेकंद मेमरीला हात लावायचा नाही, असा त्यात स्पष्ट नियम आहे. सिम्युलेशनमध्ये ५०० मायक्रोसेकंद म्हणजे फार मोठा काळ, म्हणून आमचं मेमरी मॉडेल ती अट तपासतच नव्हतं. काउंटर काढला असता तर पडद्यावर सगळं हिरवंगार दिसलं असतं आणि खऱ्या बोर्डावर मेमरी उठली नसती. बेडशाच्या कलाचं कारण संपलेलं आहे, ए-२० चं हळूहळू संपत गेलं, या काउंटरचं पुरतं जिवंत होतं. वरून तिन्ही सारखेच निरर्थक दिसतात. फरक फक्त वाचून कळतो, म्हणून मी संशोधनाचं वाचन फावल्या वेळेचं काम मानत नाही.

बेडशाच्या या खोऱ्यात असं वाचन करणारा एक थोर माणूस हिंडून गेला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक, पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये करणारे. १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड-अमेरिकेत गणनयंत्रांचा अभ्यास करायला गेले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याच संस्थेत पुढे आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक हा संगणक देशातच बांधला गेला. आणि हेच कोसंबी कार्ल्याच्या डोंगरात पायी फिरून विचारत होते की लेणी इथेच का? त्यांचं उत्तर घाटवाटांकडे, बंदरांतून पठारावर येणाऱ्या व्यापाराकडे बोट दाखवतं. बेडशाच्या व्हरांड्यातल्या एका कोठडीच्या दारावर नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. नाशिकच्या सावकाराचा पैसा मावळातल्या कातळात! कोसंबींचं वाचल्यापासून त्या एका ओळीत मला अख्खी वाट दिसते.

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या अजून आहेत, म्हणून तिथे खांबांचं लाकडाशी नातं उघड आहे. बेडशाच्या फासळ्या गेल्या. बेडसं एकटंच पाहणाऱ्याला ते नातं शोधावं लागतं.

टिप्पणी नसलेल्या त्या काउंटरचंही तसंच झालं होतं, म्हणून त्यानंतर आमच्या टीममध्ये मी एक पद्धत लावून घेतली. कुठलंही चमत्कारिक दिसणारं सर्किट लिहिलं की त्याच्या डोक्यावर चार ओळी हव्यातच: हे कशासाठी, कुठल्या कागदाच्या कितव्या कलमावरून, कुठल्या चिपपासून, आणि कधी काढता येईल. पहिल्या तीन ओळी पोरं भराभर लिहितात. चौथीसाठी मात्र त्यांना पुन्हा कागदपत्रांत बसावं लागतं, आणि तेवढ्यात दुसरं काहीतरी सापडतं.