देणें आणि घेणें

दुसऱ्यास द्यावें, दुसऱ्याचें घेऊं नये, ही शिकवण आम्हांस लहानपणीं घरीं, शाळेंत व प्रार्थनामंदिरांत सारखीच मिळाली. आज कित्येक वर्षें तीच शिकवण आम्ही वर्गांत देत आलों आहों. तींत कांहीं खोटें आहे असें नाहीं. परंतु तिचा दुसरा अर्धा भाग आम्हांस कोणींच शिकविला नव्हता. तो आम्ही शिकलों तें ठिकाण शाळा नसून पैठणच्या वाटेवरील एका घराचा ओटा होय. ही हकीकत आमच्या मोठेपणाची नाहीं. तरी पण ती विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगीं पडेल, अशा समजुतीनें येथें सांगत आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं इयत्ता आठवीच्या मुलामुलींची सहल घेऊन आम्ही पैठणास गेलों होतों. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणून हें नगर इतिहासांत प्रसिद्ध आहे. परंतु मुलांना राजांपेक्षां एकनाथ महाराजांच्या गोष्टींचें कौतुक अधिक. श्रीखंड्या नांवाचा गडी होऊन प्रत्यक्ष देवानें ज्यांत पाणी भरलें असें भाविक मानतात, तो नाथांच्या वाड्यांतील रांजण मुलांनीं डोळे भरून पाहिला. षष्ठीच्या उत्सवांत भाविक आपल्या हातानें त्यांत पाणी ओततात, हेंही आम्हीं त्यांना सांगितलें. पुढें गोदावरीच्या कांठीं बसून, तापलेल्या वाळूंत रडणारें महाराचें पोर नाथांनीं कडेवर उचलून घेतल्याची कथा सांगितली. श्राद्धाच्या अन्नाचा वास येऊन दाराशीं थबकलेल्या भुकेल्या महारांना तेंच अन्न नाथांनीं वाढल्याचीही सांगितली. कथा सांगण्याची हातोटी आम्हांस थोडीबहुत आहे. दोन-तीन मुलींच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें, आणि आज आपल्या हातून कांहीं चांगलें कार्य घडलें असें समाधान आम्हांस वाटलें.

तें समाधान फार वेळ टिकलें नाहीं. परत येतांना आमची बस वाटेंत बंद पडली. दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यालगत धरणग्रस्तांची एक वसाहत होती. तिच्या अगदीं कडेच्या घरांतून एक वृद्ध बाई तांब्या व पेला घेऊन बाहेर आल्या. उघड्या दारांतून भिंतीवरील अण्णा भाऊ साठे यांची तसबीर दिसत होती. त्यावरून हें घर मातंग समाजाचें असावें हें आमच्या ध्यानांत आलें. "लेकरं उन्हात हायत, सावलीला बसवा. पाणी प्या, चतकोर भाकर खाऊन घ्या," असें म्हणून त्यांनीं पेला भरला. मुलें ओट्यावर बसून पाणी प्यालीं. एक-दोघांनीं भाकरीही खाल्ली. शेवटीं पेला आमच्यापुढें आला, तेव्हां आम्हीं हात जोडून म्हटलें, "नको मावशी, आमच्याजवळ आहे."

आमच्याजवळची बाटली रिकामी होती. मावशींनीं पेला क्षणभर तसाच धरला. मग त्या हलक्या आवाजांत म्हणाल्या, "सर, पाणी नळाचंच हाय बरं. नाथसागराचं."

बस सुरू झाल्यावर पुढच्या बाकावरील एका मुलीनें मागें वळून विचारलें, "सर, तुम्हाला तहान नव्हती का लागली? तुमची बाटली तर रिकामी होती." आम्हीं उत्तर दिलें कीं, प्रकृतीच्या कारणानें आम्हांस उकळलेलें पाणी लागतें. हें उत्तर असत्य होतें. तासाभरापूर्वींच पैठणच्या बसस्थानकाजवळ टपरीवर आम्ही चहा घेतला होता, व वर पेलाभर पाणीही प्यालों होतों. तें पाणी कोणी भरलें, कोणत्या हातानें भरलें, ह्याची चौकशी आम्हीं केली नव्हती.

ह्या असत्याची लाज आम्हांस दुहेरी वाटावी असें कारण होतें. आमचें मूळ गांव गोदाकांठचें. गांवांत पाण्याची तीन ठिकाणें होतीं: गांवकऱ्यांची विहीर, महारांची विहीर, आणि मांगवाड्याखालचा नदींतील झरा. आमचे आजोबा महारवाड्यांत जन्मले. गांवच्या विहिरीपाशीं हातांतील घागर खालीं ठेवून, कोणी दयाळू माणूस वरून पाणी ओतील म्हणून त्यांनीं तासन्‌ तास वाट पाहिली होती. ती हकीकत आमच्या घरांत पुष्कळदां सांगितली जाई. जी सांगितली जात नसे ती अशी कीं, महारांची विहीर मांगांना मोकळी नव्हती. पुढें आमचें कुटुंब ख्रिस्ती झालें, मांगवाड्यांतील कांहीं कुटुंबेंही झालीं, आणि उपासनेला सारे एकाच सतरंजीवर बसूं लागले. तरी त्या वाड्यांतून आलेल्या एका बाईंसाठीं आमच्या आजीनें कान तुटलेला एक कप निराळा ठेवला होता. तो फडताळांत कोठें असे हें आम्हांस अद्याप आठवतें. आजी त्या बाईंना सणाला गोडधोड आठवणीनें पाठवी. मात्र त्यांच्या घरचें ताट आमच्या घरीं आल्यास तें गुपचूप गुरांपुढें जाई.

पुढें जायकवाडीचें धरण झालें. 1965 सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं त्याची पायाभरणी केली व 1976 सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें त्याचें उद्‌घाटन झालें. अनेक गांवांबरोबर आमचेंही गांव पाण्याखालीं गेलें. दोन्ही विहिरी आणि तो झरा एकाच जलाशयांत बुडाले, व त्या जलाशयास नांव मिळालें नाथसागर. आतां वसाहतीच्या नळास जें पाणी येतें तेंच छत्रपति संभाजीनगरच्या बंगल्यांतही जातें. विहिरी बुडाल्या. आजीचा कप मात्र आमच्या मनांत शाबूत होता, हें त्या दुपारीं कळून आलें.

त्यानंतर आम्हीं नाथांच्या कथा पुन्हां वाचून पाहिल्या, व एक गोष्ट नव्यानें दिसली. अन्न वाढण्याच्या कथेंत नाथ स्वतः वाढतात. परंतु राणू महार व त्याची पत्नी नाथांना आपल्या घरीं जेवावयास बोलावतात, त्या कथेंत काय होतें? महीपतींसारखे चरित्रकार सांगतात कीं, पाळत ठेवणाऱ्या लोकांना नाथ एकाच वेळीं आपल्या घरींही दिसले व राणूच्या घरींही दिसले. राणूच्या पानावर जेवले ते नाथांचें रूप घेतलेले देव होते. महाराला वाढणारे नाथ समाजाला पचले. महाराघरीं जेवणारे नाथ सांगतांना मात्र कथेला देवास मध्यें घालावें लागलें! देण्यापेक्षां घेणें किती कठीण, ह्याची साक्ष ह्याहून निराळी कोणती पाहिजे?

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं तर ह्याहूनही कठोर प्रश्न विचारला होता. नाथांच्या चरित्रावरील 'धर्मात्मा' हा बोलपट 1935 सालीं निघाला. जातिभेदाच्या उच्छेदावरील आपल्या प्रसिद्ध निबंधावर गांधीजींनीं घेतलेल्या आक्षेपांस उत्तर देतांना बाबासाहेबांनीं त्या बोलपटाचा उल्लेख करून म्हटलें कीं, अस्पृश्यांस शिवण्याचें धैर्य नाथांनीं दाखविलें तें जातिभेदाला विरोध म्हणून नव्हे. तो विटाळ गंगास्नानानें धुऊन जातो अशी त्यांची समजूत होती. नाथांविषयींचा हा निर्णय सर्वांस मान्य होईल असें नाहीं. आम्हांसही तो पुरता मान्य नाहीं. पण प्रश्न खरा आहे: एका सत्पुरुषाच्या दयेनें समाजाची घडी बदलते काय? नाथांनीं जेथें जनार्दनस्वामींची सेवा केली त्याच दौलताबादच्या किल्ल्यांत 1934 सालीं खुद्द बाबासाहेब व त्यांचे सोबती गेले असतां, हौदाच्या पाण्यानें हातपाय धुतले म्हणून कांहीं मुसलमान मंडळी त्यांच्यावर धावून आली होती. म्हणजे हा दोष कोणा एका धर्माचा नव्हे. आमच्या फडताळांतील कप हा त्याचाच पुरावा.

1950 सालीं अमलांत आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाली, व 1955 सालीं ती पाळणें शिक्षेस पात्र ठरलें. कायद्याचे उपकार मोठे आहेत. त्यानें विहिरी उघडल्या, शाळा उघडल्या. परंतु पुढें केलेला पेला हातांत घ्यावयास कोणताही कायदा आम्हांस लावूं शकत नाहीं. देणारा मनुष्य देतांनाही उंचावरच उभा असतो. घेण्यासाठीं मात्र त्यास खालीं उतरून दुसऱ्याच्या ओट्यावर बसावें लागतें. प्रभु येशू शोमरोनी स्त्रीस विहिरीपाशीं भेटला तेव्हां त्यानें तिला प्रथम कांहीं दिलें नाहीं. जिच्या भांड्यास त्याचे लोक शिवत नसत तिच्याजवळ त्यानें पाणी मागितलें. हा अध्याय आम्हीं किती वेळां शिकविला असेल! तो आम्हांस कळला मात्र फार उशिरां.

विद्यार्थीमित्रहो, मधल्या सुट्टींत तुम्ही डबे उघडतां तेव्हां आम्ही व्हरांड्यांतून पाहतों. आपल्या डब्यांतील पदार्थ दुसऱ्यास देणारीं मुलें पुष्कळ आहेत, व तें पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु ज्याच्या डब्यांत कोणीच हात घालीत नाहीं असा एखादा मुलगा प्रत्येक वर्गांत असतो. तो देखील "घे ना" म्हणत असतो. त्याला लाडू देऊं नका. त्याच्या भाकरीचा तुकडा मागून घ्या. आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल घरीं येऊन मित्राच्या घरीं जेवलों असें सांगेल तेव्हां "काय जेवलास?" एवढेंच विचारावें, "कोणाच्या घरीं?" हा प्रश्न ज्या आवाजांत आपण विचारतों तो आवाज मूल जन्मभर विसरत नाहीं.

त्या वर्षीं नाताळांत आम्ही करंज्यांचा डबा घेऊन त्या वसाहतींत गेलों. मावशींनीं आम्हांस ओळखलें. आम्हीं डबा पुढें केला मात्र, आणि आमचें आम्हांसच हसूं आलें: क्षमा मागावयास आलों तेही देणारे होऊनच! मावशींनीं डबा घेऊन बाजूला ठेवला व म्हणाल्या, "बसा की सर, उभ्यानंच जाताव का?"

आम्ही ओट्यावर बसलों, आणि त्यांच्याजवळ प्यावयास पाणी मागितलें.