कुत्रा कोणाचा?

तुमच्यापैकी बरेच जण हे पुस्तक रात्री उघडत असतील. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, घरातल्या वृद्धांची औषधे हे सारे आटोपल्यावर जो तास उरतो, तो तुमचा अभ्यासाचा तास. त्याच तासाला खाली रस्त्यावर कुत्री भुंकू लागतात. तुम्ही खिडकी लावून घेता आणि पुन्हा पुस्तकाकडे वळता. आज ती खिडकी थोडी उघडी ठेवावी, एवढीच विनंती आहे. कारण मला तुमच्याशी त्या भुंकणाऱ्यांपैकी एकीविषयी आणि माझ्या एका वाक्याविषयी बोलायचे आहे.

मी आचोळ्याला राहते. नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेला उतरून चालू लागले की आचोळे रोड लागतो. एकेकाळी हे स्वतंत्र गाव होते. गावाचा तलाव आजही आहे. भोवतीची शेते मात्र इमारतींखाली गेली. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, 2014 मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला आणि आमचा पत्ता बघता बघता बदलत गेला. माणसे बाहेरून येत राहिली. कुत्री बहुधा इथलीच होती.

2018 च्या जुलैमध्ये पावसाने वसई-विरारला वेढा घातला. रुळांवर पाणी चढले, लोकल बंद पडल्या, आमच्या रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी आले. त्या रात्री एक भुऱ्या रंगाची कुत्री दोन पिल्ले घेऊन आमच्या जिन्यात आली. पिल्ले तिने एकेक करून तोंडात धरून आणली असावीत. दुसरे आणताना मी तिला पाहिले. पहिल्या मजल्याच्या वळणावर दत्ताची तसबीर आहे, तिच्याखाली ती बसली. तसबिरीतल्या चार कुत्र्यांना रोज फूल वाहणाऱ्या शेजाऱ्यांनी तिला हुसकावण्यासाठी झाडू आणला, तेव्हा मी मध्ये पडले. दूध-पोळी आणली. मुलांनी तिचे नाव भुरी ठेवले.

पाणी ओसरले, भुरी फाटकाशी राहू लागली. संध्याकाळी महाविद्यालयातून परतताना माझ्या पिशवीत तिच्यासाठी काही असे. 2020 च्या टाळेबंदीत हॉटेले आणि वडापावच्या गाड्या बंद झाल्या, तेव्हा मी रोज दोन पोळ्या जास्त लाटत असे. लोक मला प्राणिप्रेमी म्हणू लागले आणि, खोटे कशाला सांगू, मला ते आवडत असे.

कुत्रीला वर्षातून साधारण दोनदा पिल्ले होऊ शकतात. भुरीला होत राहिली. काही टेम्पोखाली गेली, काही आजाराने, काही कोणी उचलून नेली. दर वेळी मी हळहळले आणि दर वेळी ‘हिची शस्त्रक्रिया करून घ्यायला हवी’ असे म्हणाले. ‘करून घ्यायला हवी’ या रचनेत कर्ता लपवण्याची उत्तम सोय आहे. कोणी करून घ्यायला हवी, हे सांगावे लागत नाही.

डिसेंबर 2022 मध्ये भुरी पुन्हा व्यायली होती. आमच्या इमारतीच्या वॉचमनचा सात वर्षांचा मुलगा पिल्लू उचलायला वाकला आणि भुरीने त्याच्या पोटरीचा चावा घेतला. मी स्थानकावरून आले तेव्हा जिन्याखालच्या खोलीसमोर गर्दी होती. कोणीतरी सांगितले म्हणून जखमेत तिखट भरले होते. मूल किंचाळत होते. त्याची आई माझ्याकडे वळली.

“मॅडम, कुत्री तुमचीच ना? तिला सुई दिलीय का?”

मी म्हणाले, “माझी कुठे? ती रस्त्यावरची आहे.”

विभक्तीच्या कोष्टकात तुम्ही षष्ठीचे प्रत्यय पाठ केले असतील: चा, ची, चे. हे प्रत्यय एका नामाचा दुसऱ्या नामाशी संबंध जोडतात, असे मी गेली तीस वर्षे शिकवत आले. त्या संध्याकाळी मी तो संबंध एका क्षणात तोडला आणि दुसरीकडे जोडून टाकला. ‘माझी’ या जागी ‘रस्त्यावरची’. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. त्या बाईने पुढे काही विचारले नाही. ती नुसती माझ्या पिशवीकडे पाहत राहिली. पिशवीत भुरीसाठी आणलेला पाव होता.

आम्ही जखम नळाखाली धरली. साबण आणि वाहते पाणी, निदान पंधरा मिनिटे: हा पहिला आणि फार मोठा उपाय आहे. तिखट, चुना, हळद यांतले काही लावायचे नसते, हे तुम्ही आपल्या घरी आणि शेजारी जरूर सांगा. मग रिक्षाने सरकारी रुग्णालय. रक्त आले होते, म्हणून लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही टोचले. लसीचे वेळापत्रक कागदावर मिळाले: शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. पहिल्या दिवसाला वैद्यकात शून्य म्हणतात, हे मला तेव्हा कळले. नोंद करणाऱ्या बाईंनी मान वर न करता विचारले, “कुत्रे पाळीव की भटके?” मुलाचा बाप माझ्याकडे पाहू लागला. मी उत्तर दिले नाही. त्यांनी स्वतःच काहीतरी लिहिले.

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्याआधी दिलेली लस मात्र वाचवते. 1885 मध्ये लुई पाश्चरने जोझेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ती प्रथम टोचली, त्यालाही कुत्राच चावला होता. डॉक्टरांनी आणखी एक सांगितले: चावलेले कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवा. ते दहा दिवस धडधाकट राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजता येते. लस तरीही चुकवायची नाही.

ते दहा दिवस मी विसरणार नाही. सकाळी लोकल पकडण्याआधी आणि रात्री झोपण्याआधी मी बॅटरी घेऊन खाली जात असे. ती पाणी पिते का, लाळ गाळते का, पिल्लांना ओळखते का. पाच वर्षे जिला खाऊ घातले, तिच्याकडे मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. तिच्या एका पायाची नखी तुटलेली होती आणि दात पिवळे पडले होते. सातव्या दिवशी ती दिसेना. सातव्या दिवसाची लस टोचून मुलगा घरी आला होता, आणि मी आचोळे तलावापर्यंत तिला हाका मारत फिरत होते. रात्री अकराच्या सुमारास ती एका बंद पडलेल्या मोटारीखाली सापडली, पिल्लांसह. थंडी होती, इतकेच. दहाव्या दिवसाला आपल्याकडे वेगळा अर्थ आहे. तो मी मनातून दूर ठेवत होते. दहाव्या दिवशी भुरीने माझ्या हातून पोळी घेतली आणि शेपूट हलवली.

त्या काळात मला शब्दांनी फार छळले. ‘भटका’ म्हणजे जो भटकतो तो. पण रस्त्यावरचे कुत्रे क्वचितच आपली गल्ली सोडते. आमच्या इमारतीत गेल्या दहा वर्षांत निम्मे भाडेकरू बदलले, भुरी बदलली नाही. ‘मोकाट’ हा शब्द आपण गुरांना आणि गुन्हेगारांना सारखाच लावतो. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी ‘समुदायातील प्राणी’ असा नवा शब्दप्रयोग आणला. तो अधिक सभ्य आहे, परंतु मला त्याची थोडी भीती वाटते: समुदायाचा म्हणजे सार्वजनिक नळासारखा, सर्वांचा आणि म्हणून कोणाचाच नाही. म्हणीतला कुत्रासुद्धा घरचा ना घाटचा असला, तरी धोब्याचा आहे!

खुद्द ‘कुत्रा’ या शब्दाचे घराणेही पाहण्याजोगे आहे. तो संस्कृत ‘श्वन्’पासून आलेला नाही. प्राकृतातला ‘कुत्त’, हिंदीतला ‘कुत्ता’, गुजरातीतला ‘कूतरो’ हे त्याचे भाऊबंद. ‘श्वन्’चा खरा वारस जुन्या मराठीतला ‘सुणे’. तो आपल्या प्रमाण भाषेने टाकून दिला आणि शेजारच्या कोकणीने आजवर सांभाळला. टाकून देणे आणि सांभाळणे हे शब्दांच्याही वाट्याला येते.

आणि ‘पाळणे’. आपण कुत्रा पाळतो, तसाच शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो. मुळात त्या धातूचा अर्थ रक्षण करणे असा आहे. ‘पोसणे’ वेगळे, त्यात पुष्टी आहे, अन्न आहे. पाच वर्षे मी भुरीला पोसत होते.

कुत्रा कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. 1832 च्या जूनमध्ये मुंबईत त्यावरून दंगल झाली. बेवारस कुत्री मारण्यासाठी सरकार दर कुत्र्यामागे आठ आणे देई. पैशाच्या लोभाने मारेकरी घरची, पाळलेली कुत्रीही ओढून नेत, अशी तक्रार होती. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. अंत्यविधीत मृताला कुत्र्याची दृष्टी घडवतात. पारशी रस्त्यावर उतरले, दुकाने बंद झाली. आज कायदा मारू देत नाही. नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी आणि कुत्रे जिथून उचलले तिथेच आणून सोडावे, असा नियम आहे आणि ते काम स्थानिक संस्थेचे आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील कुत्री निवाऱ्यांत ठेवायला सांगितले आणि मग अकरा दिवसांनी, रेबीज झालेली व आक्रमक सोडून इतर कुत्री नसबंदी-लसीकरणानंतर परत सोडावीत, खायला मात्र ठरवून दिलेल्या जागीच घालावे, असा बदल केला. आमच्या सोसायटीच्या बैठकीत दोन्ही आदेश दोन्ही बाजूंनी वाचून दाखवण्यात आले.

त्याच बैठकीत सर्वांत मोठा आवाज ज्या गृहस्थांचा होता, त्यांनी टाळेबंदीत मुलीसाठी लॅब्रॅडोर आणला होता. तो मोठा झाला, केस गळू लागले, आणि एका सकाळी तो तलावाच्या काठी पट्ट्यासकट बसलेला लोकांनी पाहिला. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्यांना मी काही बोलले नाही. मला तो अधिकार उरला नव्हता.

पिल्ले दूध प्यायची थांबल्यावर भुरीची शस्त्रक्रिया झाली. एका संस्थेच्या गाडीतून ती गेली आणि काही दिवसांनी परत आली, कानाला खूण म्हणून छोटी खाच घेऊन. लसीची वही मिळाली. तिच्यात ‘मालकाचे नाव’ अशी ओळ आहे. ‘मालक’ हा शब्द मला आवडत नाही, पण दुसरी ओळ नव्हती. मी नाव, पत्ता, दूरध्वनी लिहिला.

वॉचमनचे कुटुंब पुढच्या वर्षी दुसऱ्या कामावर गेले. जाईपर्यंत त्या मुलाच्या आईने मला ‘मॅडम’ म्हणून हाक मारली नाही. गरजेपुरते बोलत असे. मुलगा बरा झाला. मध्यंतरी तो मला बाजारात भेटला, उंच झाला आहे. आम्ही बोलत होतो आणि समोरून एक कुत्रे आले. तो वाक्य अर्धवट टाकून रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि तिथूनच त्याने हात हलवला.

आता भुरीविषयीच्या सर्व तक्रारी सोसायटीचे सचिव माझ्याकडे पाठवतात. चाकावर लघवी, रात्रीचे भुंकणे, दुसऱ्या मजल्यावरची गायब झालेली चप्पल. हे लिहीत असतानाही एक चिठ्ठी दाराखालून आली आहे. ‘तुमची कुत्री’ अशीच तिची सुरुवात आहे.