बोंडूचा वास

मार्च उजाडला की पणजीतल्या बारच्या फळ्यांवर खडूने एक शब्द ठळक लिहिलेला दिसू लागतो : हुर्राक. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून भट्टीवर पहिल्यांदा गाळला की निघते ती हुर्राक, आणि तीच रसात मिसळून पुन्हा चढवली की होते फेणी. हुर्राकमध्ये अल्कोहोल साधारण 15 टक्के, फेणीत 42 च्या आसपास. फेणी वर्षानुवर्षं बाटलीत मुरत राहते. हुर्राकला तेवढं आयुष्य नाही. पाऊस लागला की तिचे दिवस सरले. म्हणून एप्रिलमध्ये पणजीतल्या बारमध्ये संध्याकाळी जी गर्दी होते, तिला सणासारखा उत्साह असतो. हे थोडेच दिवस चालणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मी मूळची गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यातली. राहते पुण्यात, पण काजूच्या हंगामात गावी जायचं चुकवत नाही. आमची बाग माझ्या मोठ्या वहिनी बघतात. गेल्या एप्रिलमध्ये पुण्याच्या दोन मैत्रिणी माझ्याबरोबर गावी आल्या होत्या. त्यांना पणजी बघायची होती, आणि मला वहिनींना घेऊन जायचं होतं. वहिनी पणजीला जात आल्या त्या दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या खरेदीसाठी. बारची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. येतील की नाही ही शंका होती. पण "बघूया तरी काय असता तां," म्हणत नवी साडी नेसून त्या गाडीत बसल्या. गाडी चालवायला शेजारचा मुलगा होता, त्यामुळे परतीची काळजी नव्हती.

बार फोंताइन्हासमध्ये, ओरेम खाडीपासून जवळच. पोर्तुगीज काळातल्या एका घराची पुढची खोली. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या, त्यातून संध्याकाळचा उजेड दुधाळ होऊन आत येत होता. कपाटावर वेताच्या जाळीत बसवलेल्या पोटफुगऱ्या काचेच्या बरण्या होत्या. पूर्वी फेणी असल्या बरण्यांत साठवायचे. टेबलं लहान, खुर्च्या साध्या. शेजारच्या टेबलावर एक वृद्ध जोडपं पोर्तुगीज आणि कोंकणी मिसळून काहीतरी बोलत होतं.

आम्ही बसलो आणि वहिनींनी नाक किंचित वर केलं. "वन्सं, ह्यो वास आमच्या मांगरातलो."

खरंच होता. काजूच्या बागेतला मांगर, म्हणजे शेतघर, एप्रिलमध्ये ज्या वासाने भरलेला असतो, तोच. पिकून पडलेला बोंडू, थोडा गोड, थोडा आंबूस, आणि घशाला लागणारा त्याचा तुरटपणा. फरक इतकाच की आमच्या मांगरात तो बोंडू कुजत असतो.

इथे हे सांगायला हवं. काजूची बी आम्ही विकतो, बोंडू विकत नाही. एका बीबरोबर तिच्या पाच ते दहा पट वजनाचा बोंडू झाडावरून पडतो. पोरं एखादा मीठ-तिखट लावून खातात, गुरांना थोडे घालतात, बाकीचे झाडाखाली राहतात. सीमेपलीकडे गोव्यात तोच बोंडू गोळा होतो. खडकात खोदलेल्या, कोळंबी नावाच्या कुंडीत पायांनी तुडवला जातो. त्याचा चोथा दगडाखाली दाबून ठेवला की थेंबथेंब नीरो गळतो. उरलेला रस दोन-तीन दिवस आंबतो आणि तांब्याच्या भाणात लाकडाच्या आगीवर चढतो. तिथे भट्टी ही गावाची जुनी वहिवाट आहे, हंगामापुरता परवाना काढून ती लावतात. आमच्या बाजूला ती वहिवाट नाही. झाडं तीच, माती तीच, मध्ये एक तपासणी नाका. 2009 मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, आणि दोन्ही वेळा बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या बागेतला तो लाल-पिवळा सडा आला. बीसाठी वर्षभर राबायचं आणि त्याच कष्टाचं अख्खं फळ मातीत घालायचं, याचं दुःख मला लहानपणापासून आहे.

काउंटरमागचा मुलगा पंचविशीचा असेल. पुण्याच्या मैत्रिणींशी तो इंग्रजीत बोलला. वहिनींचा शब्द कानावर पडताच त्याने कोंकणीत विचारलं, "तुमी खंयच्यो?" दोडामार्ग ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला. तो सत्तरी तालुक्यातला, वाळपईजवळचा. वडिलांची भट्टी आहे. त्यानंतर त्याने आमच्या टेबलाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली.

पहिल्यांदा आली ती गोव्यात घरोघरी घेतात तशी हुर्राक : उंच ग्लासात बर्फ, लिम्का, लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची का, हे पहिल्या घोटात कळत नाही. दुसऱ्या घोटाला जिभेवर तिखटाची बारीक रेघ उठते आणि बोंडूचा गोडवा तिच्यापुढे मोकळा होतो. उकाड्यात याहून चांगलं पेय मी तरी घेतलेलं नाही. वहिनींसाठी त्याने नीरो आणला, त्याच दिवशी गावाहून आलेला, गार केलेला. त्यांनी ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि मान डोलावली.

दुसरं पेय त्याने आमच्यासमोर बनवलं. मला ते जवळून बघता आलं याचा फार आनंद आहे. फेणी मोजून घेतली, तिच्यात कोकमाचं आगळ, लिंबाचा रस आणि गुळाचा पातळ पाक. त्यावर तेफळ भिजवलेल्या अर्काचे दोन थेंब. शेकरमध्ये बर्फ टाकून तो हलवायला लागला तेव्हा आधी खडखडाट होता, मग आवाज हळूहळू दाट आणि बसका होत गेला, धातूवर पांढरं दव धरलं. नुसती साखर घातली तर फेणी जड होते, म्हणाला. तिला आंबट आणि खारट लागतं, मग ती आपण होऊन हलकी होते. ग्लासच्या कडेला मीठ होतं, तेही अर्ध्याच कडेला, म्हणजे ज्याला नको त्याने दुसऱ्या बाजूने प्यावं. पेयाचा रंग जांभळट लाल. आधी कोकम, मग तेफळाची जिभेवर येणारी झिणझिणी, आणि सगळ्यात शेवटी, घोट गेल्यावर, बोंडू. फेणीच्या वासाला नाकं मुरडणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्या मुलाने वास लपवला नव्हता. त्याने त्याला मानाने शेवटी आणलं होतं.

खाणं टेबलाच्या मधोमध येत गेलं, लहान लहान बशांत, आणि कुणाची बशी कोणती हा प्रश्नच नव्हता. आधी सुक्या सुंगटांचं किसमूर : भाजून चुरलेली सुंगटं, ओलं खोबरं, कांदा, वर कोकम. मग रव्यात घोळून तळलेली माणकी, म्हणजे स्क्विड. चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, आलं ते कांद्यात परतलेलं, त्याचं लाल तेल बशीभर पसरलेलं, आणि सोबत पोय, म्हणजे कोंड्याचा पाव. पुण्याच्या एका मैत्रिणीने पोयचा तुकडा त्या तेलात बुडवला आणि बराच वेळ बोललीच नाही. वहिनी चोरीस खात नाहीत, त्यांनी किसमूर स्वतःकडे ओढलं आणि आम्हीही ते ओढू दिलं. एकेकीला स्वतंत्र ताट आलं असतं तर वहिनी संकोचून बसल्या असत्या याची मला खात्री आहे. मधल्या बशीत सगळ्यांचे हात जात असताना माणूस पाहुणा राहत नाही.

आणि मग ओल्या काजूगरांची उसळ आली. मैत्रिणी काट्याने एकेक गर टिपत होत्या. वहिनींनी पोयच्या तुकड्यात उसळ घेतली, एक गर बोटांत धरून उजेडाकडे नेला आणि त्याची कड तपासली. साल पूर्ण निघालं होतं, गर कुठे मोडला नव्हता. "हात कोणाचो, चांगलो हा," म्हणाल्या. ओल्या काजूच्या टरफलातला चीक कातडी जाळतो. खोबरेल लावून सोलायला बसलं तरी हंगाम संपेस्तोवर बोटं काळी पडतात, टोकांची साल निघते. त्या बशीवर धरलेली वहिनींची बोटं तशीच होती. माझ्या मैत्रिणीने ती पाहिली, काटा खाली ठेवला आणि हाताने खायला लागली. काजूगरांची बशी महाग का असते, हे तिला त्या क्षणी कुणीही न सांगता कळलं असणार.

गर्दी थोडी ओसरल्यावर तो मुलगा आमच्यापाशी येऊन उभा राहिला. नीरोपासून मद्याविना काहीतरी करायचं त्याच्या मनात आहे, म्हणाला, पण तुरटपणा घशात राहतो आणि गाळूनही रस गढूळ दिसतो. वहिनी सावरून बसल्या. "पेज घाल," त्या म्हणाल्या. तांदळाची पेज थंड करून, तिचं वरचं पाणी रसात मिसळायचं आणि भांडं न हलवता ठेवायचं. तुरटपणा पेजेबरोबर तळाला बसतो, वरचा रस निवळ होतो. मग तेवढाच अलगद काढून घ्यायचा. घरी त्या थोड्या बोंडूंचं सरबत असंच करतात, फक्त पाहुण्यांपुरतं. रसातलं टॅनिन पेजेतल्या पिठूळ भागाला धरून खाली बसतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. वहिनींना ते त्यांच्या सासूने शिकवलं होतं.

त्याने खिशातून ऑर्डरचं पॅड काढलं. किती रसाला किती पेज? तांदूळ उकडा की सुरय? किती तास? वहिनी सांगत होत्या, तो लिहून घेत होता, मध्येच वडिलांना फोन लावून त्यांच्याशीही बोलला आणि फोन वहिनींच्या हातात दिला. मग भट्टीवाले आणि बागवाल्या यांचं बोलणं सुरू झालं : पावसाने भिजलेला बोंडू का घेऊ नये, पिवळा अधिक गोड की लाल, झाडावरून काढलेला का चालत नाही. बारमधल्या गाण्यामुळे वहिनी मोठ्याने बोलत होत्या. शेजारचं वृद्ध जोडपंही कान देऊन ऐकत होतं.

बिल आलं तेव्हा त्यात नीरो धरलेला नव्हता. वहिनींना ते पटलं नाही, त्यांनी त्याचे पैसे द्यायला लावले. नाक्यापर्यंतच्या रस्त्यात त्या सरबताचाच हिशेब करत होत्या. सरबताला भट्टी लागत नाही. पेजेला लागणारे तांदूळ घरचे. बाटल्या तेवढ्या विकत आणायच्या, आणि उद्या सकाळी पडीचे बोंडू उन्हं चढायच्या आत उचलायचे. मैत्रिणींनाही त्यांनी सहा वाजता उठायला सांगितलं.